नंबर जुळतो का?

पोर्शेची केमन लिफ्टवर चढली तसे सगळे मान वर करून तिच्या पोटाकडे पाहू लागले. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, प्रेसशॉप आणि पावडर कोटिंगच्या शेडमध्ये दाटीवाटीनं बसलेलं हे गॅरेज. बाहेर पाटी नाही आणि आत परदेशी गाड्यांखेरीज दुसरं काही नाही. मिस्त्रींनी गाडीखालचं प्लास्टिकचं आवरण उतरवलं, क्रँककेसच्या खालच्या अंगाला असलेली बोटभर पट्टी चिंधीनं पुसली, तिच्यावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी करून घासायला लागले. लहानपणी आपण नाण्याची छाप काढायचो, अगदी तसं. कागदावर हळूहळू अक्षरं उमटली.

नाशिकहून आलेल्या डॉक्टरांनी मोबाइलवर आरसी उघडून ठेवली होती. त्यांनी इंजिन नंबरचे शेवटचे आकडे मोठ्यानं वाचले. मिस्त्रींनी कागदावरचे वाचले. दोन्ही वेगळे.

"इंजिन बदललेलं आहे," मिस्त्री म्हणाले.

"मग? विचारलं असतंत तर सांगितलंच असतं की," गाडी घेऊन आलेला दलाल लगेच म्हणाला. "आणि चांगलंच आहे ना डॉक्टर. गाडी चौदा वर्षांची, इंजिन चार वर्षांचं. तुमचा फायदाच."

डॉक्टर काही बोलले नाहीत. ते मिस्त्रींकडे बघत राहिले, आणि मिस्त्री त्या कागदाकडे.

संपादकांनी यंदाच्या अंकाला 'अस्सल' हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोक्यात पैठणी, हापूस आणि गायकीची घराणी असावीत. माझ्या डोक्यात हा दलालाचा प्रश्न होता. स्पोर्ट्स कारचं इंजिन बदललं की तिची किंमत वाढते की पडते? ऐकायला हा प्रश्न चार श्रीमंतांचा वाटतो, आणि काही अंशी तो आहेच. पण उत्तर शोधायला लागल्यावर दिसलं की एकच काम, तेच नट-बोल्ट, तोच खर्च. आणि तरी एका गाडीची किंमत निम्म्यावर येते, दुसरीची जागची हलत नाही, तिसरीची चक्क चढते. हे कसं होतं ते पाहायचं होतं.

उद्यमनगरचा हिशोब

मिस्त्री मूळचे कोल्हापूरचे. दुबईला बरीच वर्षं काढली, पण हात तयार झाला तो शिवाजी उद्यमनगरात. ज्यांनी उद्यमनगर पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर, शेतीची ऑइल इंजिनं, त्यांचे ओतीव ब्लॉक, क्रँक, लाइनर यांच्यावर पिढ्या पोसलेली ही वस्ती आहे. इथं इंजिन 'बांधतात'. धूर मारायला लागलं, ऑइल खायला लागलं की गाडी येते, इंजिन उतरतं, ब्लॉक बोअरिंगला जातो, क्रँक घासून येते, नवे पिस्टन-रिंगा पडतात, आणि आठवड्याभरात तीच गाडी पुन्हा उसाच्या फडावर. नुसतं हेडचं आणि रिंगांचं असेल तर हाफ इंजिन, ब्लॉक-क्रँकसकट असेल तर फुल.

"ट्रकवाला गाडी विकायला काढताना पहिलं वाक्य काय बोलतो?" मिस्त्रींनी मला विचारलं आणि उत्तरही दिलं. "आत्ताच फुल इंजिन केलंय. त्यावर चार पैसे जास्त मागतो. घेणारा देतो पण. बिल दाखव म्हणतो, कुणी केलं ते विचारतो, आणि देतो."

ट्रक, ट्रॅक्टर, जीप यांच्या बाजारात बांधलेलं इंजिन ही जमेची बाजू आहे, कारण तिथं इंजिन झिजणार हे धरूनच चाललेलं असतं. लाखो किलोमीटर झाले, इंजिन कामाला आलं, यात कुणाचा दोष नाही. मालकानं खर्च करून टाकला, म्हणजे पुढच्याचा वाचला. हिशोब सरळ आहे.

मग केमनला हाच हिशोब का लागू नाही? मीटर बघा, मिस्त्री म्हणाले. चौदा वर्षांत गाडी एकतीस हजार किलोमीटर चाललेली. आपल्याकडच्या स्पोर्ट्स कारचं असंच असतं. पूर्ण बांधून येणाऱ्या महागड्या गाड्यांवर कित्येक वर्षं शंभर टक्क्यांच्या आसपास आयात कर होता. म्हणजे जर्मनीतल्या किमतीच्या दुपटीला घेतलेली गाडी. ती रोज कोण काढणार? रविवारी पहाटे एक्स्प्रेसवेवर, नाहीतर दसऱ्याला हार घालून सोसायटीत. अशा गाडीचं इंजिन झिजून जाऊच शकत नाही. ते गेलं असेल तर काहीतरी घडलेलं आहे. ट्रकच्या बाबतीत नवं इंजिन हे उत्तर असतं, स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो प्रश्न असतो: काय घडलं होतं?

पाणी, बेअरिंग आणि चुकीचा गिअर

आपल्या किनारपट्टीवर या प्रश्नाचं सर्वांत साधं उत्तर पाणी हे आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या रात्री मुंबईत किती इंजिनं गेली याची मोजदाद कुणी केली असेल असं वाटत नाही, पण मोटार विम्याच्या धंद्यातली माणसं आजही त्या तारखेपासून बोलायला सुरुवात करतात. होतं असं: स्पोर्ट्स कार जमिनीला चिकटून चालते, हवा ओढायचं तोंडही फार उंच नसतं. साचलेल्या पाण्यातून गाडी घातली की हवेबरोबर पाणी सिलिंडरमध्ये जातं. पिस्टन हवा दाबू शकतो, पाणी दाबू शकत नाही. पिस्टन वर येतो, अडतो, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. कित्येकदा गाडी नुसती बंद पडलेली असते. मालक घाबरून पुन्हा स्टार्टर मारतो आणि रॉड तेव्हा वाकतो. साधी विमा पॉलिसी अशा वेळी हात वर करते, कारण पाण्यात बंद पडलेलं इंजिन चालू करणं ही मालकाची करणी समजली जाते. म्हणून तर 'इंजिन प्रोटेक्ट' नावाचं जादा कव्हर आपल्याकडे एवढं खपतं.

पाण्याचा खरा त्रास इंजिनापुरता नसतो. इंजिन नवं येतं, पण सीटखालचा कंट्रोल युनिट, दारातल्या वायरिंगचे जोड, गालिच्याखालचा फोम, यांच्यात जी ओल राहिली ती दोन-तीन वर्षांनी बोलायला लागते. अनुभवी खरेदीदार इंजिन नंबर वेगळा दिसला की इंजिन बघतच नाही, तो सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का ते बघतो. मिस्त्रींनीही तेच केलं. रेघ नव्हती.

दुसरं उत्तर कारखान्यातूनच गाडीबरोबर येतं. पोर्शेच्या १९९७ नंतरच्या बॉक्सटर आणि ९११ या गाड्यांत, म्हणजे पाण्यानं थंड होणाऱ्या पहिल्या पिढीत, एक मधला शाफ्ट होता. क्रँकची ताकद कॅमशाफ्टपर्यंत पोचवणारा. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग. त्यातलं ग्रीस कालांतरानं जातं, बेअरिंग खुळखुळतं, आणि ते फुटलं की टायमिंग सरकून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, इंजिन भंगार. सगळ्याच गाड्यांचं असं झालं नाही, फार थोड्यांचं झालं. पण होणार की नाही ते आधी कळत नाही, हीच गोम होती. अमेरिकेत ग्राहकांनी एकत्र येऊन दावा लावला, २०१३ मध्ये तडजोड झाली. त्याआधीच, २००९च्या सुमारास आलेल्या नव्या इंजिनांत तो शाफ्टच काढून टाकला होता. दरम्यान त्या पिढीची ९११ बरीच वर्षं जगातली सर्वांत स्वस्त ९११ होऊन बसली, आणि त्याला ती भीती मोठ्या प्रमाणात कारण होती.

माझा सांगलीच्या कॉलेजातला एक वर्गमित्र सॅन होजेला असतो. त्याच्याकडे याच पिढीतली ९११ आहे. त्याला फोन केला.

"अरे, मी मुद्दाम इंजिन बदललेलीच शोधून घेतली," तो म्हणाला. "आधीच्या मालकानं डीलरकडून कारखान्याचं बदली इंजिन बसवलं होतं. नंबरात एटी अशी अक्षरं असतात, लगेच ओळखू येतं. वर बिल, तारीख, मीटरचा आकडा सगळं फायलीत. आणि विकणारा मला म्हणतोय, इंजिन ओरिजिनल नाही म्हणून किंमत कमी करतो. मी म्हटलं, कर बाबा."

पुढे आलेल्या बदली इंजिनांत ते बेअरिंग मोठं, जास्त टिकाऊ केलेलं होतं. म्हणजे जी गोष्ट धोका कमी करते तिच्यासाठी मित्राला सूट मिळाली. त्याच गाडीत भंगारातून आणलेलं, अपघात झालेल्या दुसऱ्या गाडीतलं इंजिन असतं तर? "हात लावला नसता. त्यातलं बेअरिंग कुठल्या अवस्थेत आहे कुणाला माहीत? जुना धोका गेला, नवा आला." आणि विकायची वेळ आली की? तो हसला. "मग मलाही तेच ऐकावं लागणार."

तिसरं उत्तर मालकाच्या हाताचं. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये लाल रेषेपर्यंत नेऊन पुढचा गिअर टाकताना चुकून खालचा पडला, तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. कॉम्प्युटर इंधन तोडू शकतो, चाकांना थांबवू शकत नाही. पोर्शेसारख्या गाड्यांचा इंजिन कॉम्प्युटर अशी प्रत्येक चूक टिपून ठेवतो: किती वेळा, कोणत्या टप्प्यापर्यंत, इंजिन किती तास चाललेलं असताना. ट्रॅकवर पिटाळलेली गाडी विकताना धुऊन-पुसून आणता येते; ही नोंद पुसता येत नाही. गंमत अशी की इंजिन बदललं तरी बहुधा कॉम्प्युटर जुनाच राहतो. मग नव्या इंजिनाच्या नावावर जुन्याची पापं तशीच दिसत राहतात, आणि ज्याला हे माहीत नाही तो खरेदीदार चांगली गाडी सोडून निघून जातो.

आरसीवर चढलं का?

केमनची फाइल दलालाच्या गाडीत होती. ती आणायला तो जरा वेळ लावत होता, पण फाइल निघाली ती चांगली जाड. अधिकृत वर्कशॉपचं बिल, विम्याच्या सर्व्हेअरचा अहवाल, नव्या इंजिनाचा नंबर, जुनं इंजिन विमा कंपनीनं ताब्यात घेतल्याची पावती. पाणीच होतं. अंधेरीत तळघरातल्या पार्किंगमध्ये नाही, रस्त्यावर, गुडघ्याच्या खाली. मिस्त्रींचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला.

नव्हतं ते एकच. आरसीवर अजून जुनाच नंबर होता.

मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, फी भरायची आणि नोंदणीत फेरफार करून घ्यायचा. बहुतेक मालक हे करत नाहीत. वर्कशॉप करून देत नाही, एजंट पैसे मागतो, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र लागतं, आणि गाडी तर चालतेच आहे. अडतं ते विकताना. हस्तांतराच्या वेळी, दुसऱ्या आरटीओत न्यायची असेल तर एनओसीच्या वेळी, निरीक्षक तोच पेन्सिलीचा छाप मागतो. वेगळा नंबर म्हणजे चोरीची शंका. पुढे कधी अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला, तर तोही आधी चेसिस आणि इंजिन नंबर पडताळतो. इंजिन कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा दिल्लीच्या मायापुरीतून आणलेलं असेल तर गुंता आणखी वाढतो: ते कोणत्या गाडीतलं, त्या गाडीचं काय झालं, भंगारवाल्याचं बिल पक्कं आहे का. यातला एक जरी दुवा निसटला तरी गाडी रस्त्यावर चालते आणि कागदावर अडून राहते. माझ्या मते आपल्याकडे इंजिन बदललेल्या गाडीची किंमत पडते त्यात लोखंडाचा वाटा थोडा आणि या कागदांचा फार मोठा असतो.

डॉक्टरांबरोबर त्यांच्या पत्नीही आल्या होत्या. इतका वेळ त्या चहाचा कप धरून ऐकत होत्या.

"आपल्याला पटलंय हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "बिल आहे, सगळं आहे. पण आपण विकू तेव्हा समोरच्याला पटेल का? तो काय एवढी फाइल वाचत बसणार आहे?"

जुन्या गाड्यांच्या व्यवहारातलं मला समजलेलं सगळं त्या एका वाक्यात होतं. खरेदीदार स्वतःच्या शंकेसाठी पैसे कापत नाही. ती तो मिस्त्रीला विचारून, बिल वाचून, बोअरमध्ये कॅमेरा घालून फेडून घेऊ शकतो. तो कापतो ते पुढच्या खरेदीदाराच्या शंकेसाठी, आणि तो पुढचा त्याच्या पुढच्यासाठी. म्हणून निर्दोष गाडीचीही किंमत पडते. आणि म्हणून सगळ्यांत मोठी सूट पहिल्या विक्रीत द्यावी लागते. तेव्हा गोष्ट ताजी असते आणि फाइल एकाच माणसाच्या हातात असते.

डॉक्टरांनी अट घातली: आधी आरसीवर नंबर चढवून आणा, मग किंमत बोलू. दलाल कुरकुरला, पण काही आठवड्यांनी दुरुस्त आरसी घेऊन आला. गाडी नाशिकला गेली. कितीला, ते डॉक्टरांनी मला सांगितलं, आणि छापायचं नाही असंही सांगितलं. दलाल पहिल्यांदा जे मागत होता त्यापेक्षा बऱ्यापैकी कमी, आणि मिस्त्री जे म्हणाले होते त्यापेक्षा थोडं जास्त.

केमनच्या मालकाला आपलं इंजिन कधी दिसतच नाही, हे इथं सांगायला हवं. ते सीटच्या मागे, झाकणाखाली बंद असतं. मागच्या डिकीत फक्त ऑइल आणि कूलंट ओतायची तोंडं दिसतात. ज्या वस्तूवरून एवढी घासाघीस झाली ती त्या दिवशी लिफ्टखाली उभ्या असलेल्या आम्हा पाच जणांखेरीज इतक्यात कुणी पाहिली नसावी.

जन्माचा नंबर

गाडी पन्नाशीला आली की नियम पालटतात. तिथं इंजिन चालतं की नाही यापेक्षा ते कोणतं आहे हे महत्त्वाचं. परदेशातल्या लिलावांच्या कॅटलॉगमध्ये 'मॅचिंग नंबर्स' हे दोन शब्द फोटोच्या वरच छापतात: कारखान्यातून गाडी ज्या इंजिनासह निघाली तेच आजही तिच्यात आहे. पोर्शेच्या जुन्या गाड्यांची कार्डं कारखान्याच्या संग्रहात आहेत, त्यांवर इंजिनाचा नंबर लिहिलेला आहे. फेरारीनं २००६ पासून मारानेल्लोमध्ये 'क्लासिके' हा विभागच चालवला आहे. तिथं गाडी उघडून चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स मूळ नोंदींशी ताडतात, आणि जुळलं तर प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्राची किंमत गाडीत मिळवली जाते.

सर्वांत रंजक कथा शेव्हरले कॉर्व्हेटच्या. साठच्या दशकातल्या त्या गाड्या लोकांनी शर्यतीत पळवल्या, इंजिनं फोडली, डीलरनं वॉरंटीत दुसरी बसवली. जनरल मोटर्सच्या अशा बदली ब्लॉकवर काही काळ सीई असा ठसा असे. प्रामाणिक ठसा, पण आज तो किंमत पाडतो. मग जिथं पैसा तिथं कारागिरी आली. जुना नंबर घासून काढायचा आणि हवा तो ठोकायचा. हे पकडायला कॉर्व्हेटच्या परीक्षकांनी कारखान्यातल्या यंत्रांचा अभ्यास केला. ब्लॉकचा माथा सपाट करणारं ब्रोचिंगचं यंत्र त्यावर बारीक समांतर रेघा सोडत असे, आणि नंबर त्या रेघांवर ठोकलेला असे. नंबर घासला की रेघाही जातात. परीक्षक टॉर्च तिरपा धरून आधी रेघा पाहतात, आकडे नंतर. त्यावर काहींनी रेघाही पाडायला सुरुवात केली. उद्यमनगरच्या कोणत्याही कारागिराला या चढाओढीचं मनापासून कौतुक वाटेल.

आपल्याकडच्या जुन्या गाड्यांना हा निकष लावला तर फार थोड्या टिकतील. साठ-सत्तरच्या दशकांत पेट्रोल परवडेना म्हणून डॉज, प्लिमथ, शेव्हरले अशा डौलदार अमेरिकन गाड्यांत पर्किन्सची डिझेल इंजिनं बसवली गेली आणि त्या वर्षानुवर्षं भाड्यानं धावल्या. मूळ इंजिन तेव्हा ओझं होतं, भंगारात गेलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम आणले, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं देणारे. त्यात अट आहे की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या मिस्त्रींनी पर्किन्स टाकून त्या गाड्या जिवंत ठेवल्या, त्यांचं काम आता अर्जाच्या आड येतं. मला हे अन्यायाचं वाटतं. डिझेल इंजिन नसतं तर त्यांतल्या बऱ्याच गाड्या आज मूळ रूपातही नसत्या आणि दुसऱ्या कोणत्याही रूपात नसत्या.

आणि तरी या जगालाही अपवाद आहेत. लॉस एंजेलिसची सिंगर ही कंपनी १९९०च्या आसपासच्या ९११ घेऊन त्या पार नव्यानं बांधते, इंजिनासकट. मूळ असं फारसं काही उरत नाही, आणि गाडी मूळच्या कित्येक पट किमतीला जाते. विनोदी अभिनेता रोवन अ‍ॅटकिन्सन यांची मॅकलारेन एफ१ ऑगस्ट २०११ मध्ये पीटरबरोजवळ झाडावर आदळली. इंजिन गाडीपासून सुटून दूर जाऊन पडलं. दुरुस्तीला सुमारे नऊ लाख दहा हजार पौंड लागले, विम्यानं दिले, आणि काम खुद्द मॅकलारेननं केलं. २०१५ मध्ये तीच गाडी ऐंशी लाख पौंडांना विकली गेल्याच्या बातम्या आल्या. लपवलेला एक बदललेला ब्लॉक गाडीला बुडवतो, आणि जगभर छापून आलेला अपघात तिला बुडवत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट मिस्त्री प्रत्येक मालकाला सांगतात आणि फार थोडे ऐकतात: इंजिन बदलाच, पण जुना ब्लॉक टाकू नका. फुटलेला असला तरी ग्रीस लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. आज तो जागा अडवतो. पंचवीस वर्षांनी विकताना तोच ब्लॉक गाडीबरोबर लाकडी पेटीतून देता आला, तर तुटलेली साखळी पुन्हा जोडली जाते. विम्यातून काम झालं असेल तर मात्र जुनं इंजिन बहुधा कंपनी घेऊन जाते. केमनचं तसंच झालं होतं.

सातशे पंच्याऐंशी इंजिनं

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी या विषयाच्या नादी लागलो. २०१३ मध्ये, ९११ची पन्नाशी साजरी होत असताना, पोर्शेनं नवी जीटी३ आणली. ३.८ लिटर, ४७५ अश्वशक्ती, आणि मिनिटाला नऊ हजार फेऱ्यांपर्यंत जाणारं इंजिन. पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या हाती पडल्या न पडल्या, तोच युरोपात दोन गाड्या पेटल्या. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीनं मालकांना सांगितलं, गाडी चालवू नका. मार्चमध्ये कारण जाहीर केलं: कनेक्टिंग रॉडचा बोल्ट ढिला होऊन क्रँककेस फुटते, ऑइल बाहेर येतं आणि पेट घेतं. आणि निर्णय जाहीर केला: जगभरातल्या त्या ७८५ गाड्यांपैकी प्रत्येकीचं इंजिन बदलायचं. बोल्ट नाही, इंजिन.

त्यामुळे त्या पहिल्या तुकडीत असा बाजार तयार झाला जो एरवी कुठं सापडत नाही: जिथं मूळ इंजिनाची गाडी उरलीच नाही. तुलना कशाशी करणार? सगळ्यांचंच बदललेलं, सगळ्यांचं कारखान्यानंच बदललेलं, आणि कारण वर्तमानपत्रात छापलेलं. डागासाठी कुणी वेगळी किंमत कापली नाही, कारण डाग सगळ्यांवर होता आणि त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ होती.

गोष्ट तिथं संपली नाही. पुढे त्याच पिढीच्या इंजिनांत व्हॉल्व्ह उघडणारे छोटे दांडे, फिंगर फॉलोअर, आणि कॅम झिजून इंजिन अडखळायला लागल्याच्या तक्रारी आल्या. एवढ्या फेऱ्यांवर तो जोड टिकेना. पोर्शे अशा गाड्यांना वॉरंटीत पुन्हा नवी इंजिनं देत गेली, प्रत्येक वेळी सुधारलेल्या आवृत्तीची; मालक त्यांना शेवटच्या अक्षरानं ओळखतात, ई, एफ, जी. अखेर कंपनीनं या गाड्यांच्या इंजिनांची हमी दहा वर्षं किंवा एक लाख वीस हजार मैलांपर्यंत वाढवली, आणि ती गाडीबरोबर पुढच्या मालकाकडेही जाईल असं ठरवलं. २०१७च्या जीटी३त व्हॉल्व्हची रचनाच बदलली.

त्यानंतर या गाड्यांच्या जाहिराती वाचताना जे दिसतं ते उद्यमनगरच्या ट्रकवाल्याला ओळखीचं वाटेल. 'इंजिन बदललेलं, जी आवृत्ती, बिलासह' हे विकणारा पहिल्याच ओळीत लिहितो. ज्याचं पहिल्या बदलीनंतर पुन्हा बदललं नाही, तो खाली वाकून समजावतो की त्याच्या गाडीत कधी त्रास झालेला नाही. हे तो खरंच सांगत असेल. पण खरेदीदाराच्या कानाला त्याचा अर्थ असा पोचतो की त्रास अजून व्हायचाय.

सॅन होजेचा मित्र आता याच गाडीच्या मागे आहे. दहा वर्षांची हमी गाडीच्या पहिल्या विक्रीपासून मोजली जाते, त्यामुळे २०१४च्या गाड्यांची ती २०२४ मध्ये संपली. पुढच्यांची एकेक करून संपते आहे. इतकी वर्षं कारखाना मागे उभा होता म्हणून कुणी कुणाला फार विचारत नव्हतं. आता विचारतात. इंजिन कोणत्या आवृत्तीचं, कोणत्या साली बसलं, बसल्यावर किती मैल झाले, किती वेळा नऊ हजारांपर्यंत गेलं. मित्रानं दोन गाड्या निवडून ठेवल्या आहेत. एकीचं इंजिन हमी संपायच्या थोडं आधी बदललेलं, दुसरीचं २०१४ मध्येच. पहिलीचा मालक जास्त मागतो आहे आणि एक डॉलर सोडायला तयार नाही.